न दिसणाऱ्या अडचणीचा शोध : डॉ. ए. जीन एअर्स यांचे जीवनकार्य

जवळजवळ प्रत्येक वर्गात असे एखादे मूल असते. त्याची बुद्धी चांगली असते, डोळे आणि कान तपासले तर त्यांत दोष आढळत नाही. तरीही त्याचे अक्षर ओळीवर राहत नाही, दाबामुळे पेन्सिलीचे टोक वारंवार मोडते, बाकावर ते स्थिर बसत नाही, रांगेत शेजाऱ्याचा किंचित धक्का लागला तरी संतापते आणि बुटाची नाडी बांधण्यात त्याची अर्धी मधली सुट्टी निघून जाते. अशा मुलांना पिढ्यान्‌पिढ्या वेंधळे, आळशी, हट्टी किंवा व्रात्य ठरवण्यात आले आणि उपाय म्हणून शिक्षा करण्यात आली. हे मूल मुद्दाम तसे वागत नसून त्याच्या शरीराकडून मेंदूकडे येणाऱ्या संवेदनांची जुळणी नीट होत नसावी, हा विचार अमेरिकन संशोधक डॉ. ए. जीन एअर्स यांनी पद्धतशीरपणे मांडला आणि तो चाचण्यांच्या कसोटीला लावण्यासाठी आयुष्य वेचले. शाळकरी मुलांच्या व्यवसायोपचाराचे आजचे स्वरूप बऱ्याच अंशी त्यांच्या कामातून घडले. त्या कामाभोवतीचा वाद मात्र त्यांच्या निधनानंतर तीन दशके उलटून गेली तरी शमलेला नाही.

अ‍ॅना जीन एअर्स यांचा जन्म १८ जुलै १९२० रोजी कॅलिफोर्निया राज्यातील व्हिसेलिया येथे झाला. सॅन वाकीन खोऱ्यातील हा शेतीप्रधान भाग. एअर्स कुटुंबाची अक्रोडाची बाग होती आणि जीन यांचे बालपण त्या बागेतच गेले. पुढे ज्या अडचणींचा त्यांनी शास्त्रीय अभ्यास केला, तशाच स्वरूपाच्या शिकण्यातील अडचणी त्यांना स्वतःला लहानपणी भोगाव्या लागल्या होत्या. त्या काळी अशा अडचणींना स्वतंत्र नाव नव्हते आणि शाळेत त्यांच्यासाठी कोणतीही सोय नव्हती. आपल्या अनुभवालाच पुरावा मानण्याचा सोपा मार्ग मात्र त्यांनी पत्करला नाही. अनुभवातून प्रश्न उभा राहतो, उत्तर मोजमापातून मिळवावे लागते, ही शिस्त त्यांनी अखेरपर्यंत पाळली.

उच्च शिक्षणासाठी त्या लॉस एंजेलिसमधील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाल्या आणि १९४५ मध्ये त्यांनी व्यवसायोपचाराची पदवी घेतली. हा विषय तेव्हा तरुण होता. अमेरिकेत या क्षेत्राची पहिली राष्ट्रीय संघटना १९१७ मध्ये स्थापन झाली होती आणि दोन महायुद्धांतील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनामुळे त्याला चालना मिळाली होती. व्यवसायोपचार या शब्दामुळे मराठी वाचकाचा धंदा किंवा नोकरी असा समज होण्याचा संभव आहे. येथे व्यवसाय म्हणजे माणूस ज्या ज्या कामांत दिवसभर गुंतलेला असतो ती सारी कामे. प्रौढाच्या बाबतीत त्यांत उपजीविका येते. मुलाच्या बाबतीत खेळणे, जेवणे, कपडे घालणे, लिहिणे, चित्र काढणे आणि सवंगड्यांत मिसळणे हाच व्यवसाय असतो. आजाराने, अपघाताने किंवा जन्मजात कारणाने ही कामे अवघड झाली, तर ती पुन्हा साधावीत यासाठी करावयाचे उपचार म्हणजे व्यवसायोपचार.

पदवीनंतर एअर्स यांनी मेंदूच्या विकारांनी ग्रासलेल्या प्रौढांबरोबर आणि मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, असलेल्या मुलांबरोबर काम केले. अशा रुग्णांच्या हातापायांतील दुर्बलता सर्वांना दिसत होती. परंतु काही रुग्णांना स्नायूंत पुरेशी ताकद असूनही वस्तूंचे अंतर उमगत नाही, आपला हात नेमका कोठे आहे हे न पाहता सांगता येत नाही आणि कृतीचा क्रम जुळवता येत नाही, हे एअर्स यांच्या ध्यानात आले. मग मेंदूला कोणतीही उघड इजा नसलेल्या, केवळ शाळेत मागे पडणाऱ्या मुलांमध्येही अशाच सूक्ष्म उणिवा असतील काय? या प्रश्नाने त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवली.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. १९५४ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली आणि १९६१ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्याच विद्यापीठातून शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतली. त्यानंतर १९६० च्या दशकाच्या मध्यास लॉस एंजेलिस येथीलच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मेंदू संशोधन संस्थेत त्यांनी संशोधन केले. शिक्षणशास्त्र आणि मेंदूविज्ञान ही तेव्हा एकमेकांपासून बरीच दूर असलेली क्षेत्रे होती. वर्गातील मुलाकडे पाहताना त्याच्या मज्जासंस्थेचा विचार करावा आणि मज्जासंस्थेचा अभ्यास करताना वर्गातील मूल नजरेआड होऊ नये, असा दुवा त्यांना जोडायचा होता.

या अभ्यासातून त्यांचा सिद्धान्त आकाराला आला. इंग्रजीत तो सेन्सरी इंटिग्रेशन म्हणून ओळखला जातो. मराठीत त्याला संवेदन-एकात्मता म्हणता येईल. पाहणे, ऐकणे, चव, वास आणि स्पर्श ही पाच संवेदने सर्वांना ठाऊक असतात. त्यांपैकी स्पर्शाकडे एअर्स यांनी विशेष लक्ष वेधलेच. शिवाय सहसा कोणी न मोजणाऱ्या आणखी दोन संवेदनांना महत्त्व दिले. एक, अंतर्कर्णातून मिळणारे तोलाचे आणि गतीचे भान. दुसरे, स्नायू आणि सांधे यांतून मिळणारे स्वतःच्या शरीराच्या स्थितीचे भान. डोळे मिटूनही आपण बोट नाकाच्या शेंड्याला लावू शकतो, ते या दुसऱ्या भानामुळे. या सर्व वाटांनी येणारी माहिती मेंदू क्षणोक्षणी निवडतो, जुळवतो आणि तिच्या आधारे कृती आखतो. ही जुळणी सुरळीत असेल तर मुलाला बाकावर सरळ बसण्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही आणि त्याचे सारे लक्ष फळ्याकडे राहते. ती विस्कळीत असेल तर नुसते बसून राहणे हेच त्याचे दिवसभराचे काम होऊन बसते.

काही मुलांच्या बाबतीत साधा स्पर्शही मेंदूला धोक्याच्या सूचनेसारखा जाणवतो, असे एअर्स यांचे निरीक्षण होते. गणवेशाच्या कॉलरमागचा कापडी शिक्का, हाताला लागलेला डिंक किंवा मागून येणाऱ्या मुलाचा धक्का त्यांना असह्य होतो. स्पर्शाबाबतच्या या बचावात्मक प्रतिक्रियेचे विवेचन त्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. दुसऱ्या काही मुलांत नवी कृती मनात आखून ती शरीराकडून करवून घेण्याची क्षमता कमी असते. अशा मुलाला काय करायचे ते कळते. कसे करायचे ते साधत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र या दोन्ही मुलांत केवळ गैरवर्तन किंवा निष्काळजीपणा दिसतो.

सिद्धान्त मांडून त्या थांबल्या नाहीत. एखाद्या मुलात अशी अडचण आहे किंवा नाही, असल्यास ती कोणत्या प्रकारची आहे, हे ठरवण्यासाठी त्यांनी एकामागून एक चाचण्या तयार केल्या. त्यांतील कित्येक चाचण्या खेळासारख्या भासतात. मुलाची नजर झाकून त्याच्या हाताच्या पाठीवर बोटाने एखादी साधी आकृती काढायची आणि त्याने तीच आकृती पुन्हा काढून दाखवायची. न पाहता कोणत्या बोटाला स्पर्श झाला ते ओळखायचे. एका पायावर तोल सांभाळायचा. परीक्षकाने घेतलेल्या अनोळखी शरीरस्थितीची नक्कल करायची. एका चाचणीत मुलाला फिरत्या फळीवर बसवून वीस सेकंदांत दहा फेरे दिले जातात आणि फळी थांबल्यावर त्याच्या बुबुळांची हालचाल किती वेळ टिकते हे मोजले जाते. त्यावरून तोलाच्या संवेदनेचा अंदाज बांधला जातो. शेकडो मुलांच्या गुणांचे सांख्यिकी विश्लेषण करून कोणत्या उणिवा एकत्र आढळतात याचे गट त्या पाडत आणि नवी माहिती हाती आल्यावर आपली मांडणी बदलत. १९७२ मध्ये या चाचण्यांचा संच आणि शिकण्यातील विकारांवरील त्यांचा मुख्य ग्रंथ अशी दोन्ही कामे प्रसिद्ध झाली.

उपचाराची त्यांची रीतही वेगळी होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे स्वतःचे उपचार केंद्र सुरू केले. छतापासून टांगलेले झोके आणि जाळ्या, उतरती फळी, तिच्यावरून पोटावर झोपून घसरण्यासाठी चाके लावलेली छोटी पाटी, जाड गाद्या अशी साधने त्यांच्या उपचारपद्धतीत वापरली जात. पाहणाऱ्याला तेथे मुले नुसती खेळत आहेत असे वाटे. परंतु कोणत्या मुलाला कोणता झोका, किती वेळ आणि झोक्यावर असताना कोणते काम द्यायचे, याचा विचार चाचणीच्या निष्कर्षांवरून केलेला असे. मुलावर कृती लादायची नाही, त्याची स्वतःची ओढ जागी करायची आणि आव्हान असे ठेवायचे की ते फार सोपेही नसावे व हरवून टाकणारेही नसावे, हे त्या पद्धतीचे सूत्र होते. मूल आपणहून प्रयत्न करून यशस्वी होते तेव्हाच त्याचा मेंदू नवी जुळणी करतो, अशी त्यांची धारणा होती.

त्यांच्या व्यवसायबंधूंनी या कामाची दखल लवकरच घेतली. अमेरिकन व्यवसायोपचार क्षेत्रातील सर्वोच्च मानले जाणारे एलेनॉर क्लार्क स्लेगल व्याख्यान १९६३ मध्ये त्यांनी दिले. परंतु मान्यतेबरोबर विरोधही आला. मुलाला झोक्यावर बसवल्याने त्याचे वाचन कसे सुधारेल, हा प्रश्न शिक्षणतज्ज्ञ आणि डॉक्टर विचारत होते. जिवंत मुलाच्या मेंदूतील घडामोडी थेट पाहण्याची साधने तेव्हा अत्यंत तुटपुंजी होती. चाचण्यांतील वर्तनावरून मेंदूविषयी काढलेले निष्कर्ष हे अनुमानच होते, आणि टीकाकारांचे बोट नेमके तेथेच होते. एअर्स यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत उपचार घेतलेल्या काही मुलांची शालेय प्रगती अधिक झाल्याचे दिसले होते. पुढे इतर संशोधकांनी केलेल्या अनेक अभ्यासांत मात्र तेवढा परिणाम आढळला नाही.

याच काळात अमेरिकेतील शाळांचे चित्र कायद्याने पालटले. १९७५ मध्ये तेथे सर्व दिव्यांग मुलांना मोफत आणि सुयोग्य सरकारी शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संमत झाला. विशेष शिक्षणाचा लाभ घेण्यासाठी मुलाला ज्या पूरक सेवा लागतील त्यांत व्यवसायोपचाराचा समावेश करण्यात आला. त्यामुळे रुग्णालयात काम करणारे उपचारतज्ज्ञ शाळांत जाऊ लागले. तेथे त्यांच्यापुढे नवे काम होते. शाळेत प्रश्न मुलाच्या आजाराचा नव्हता. ते मूल वर्गात भाग घेऊ शकते की नाही, याचा होता. पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची, पेन्सिलीची जाड पकड, उतरते लेखनफलक, लिहिण्यासाठी वाढीव वेळ, गोंगाटापासून दूर एखादा शांत कोपरा, दोन तासांच्या मध्ये अंग हलवण्याची संधी, असे लहान बदल तेथे महत्त्वाचे ठरले. शाळेतील व्यवसायोपचार एअर्स यांच्या उपचारपद्धतीपुरता मर्यादित नाही, आणि झोके टांगलेली खोली प्रत्येक शाळेत असणे शक्यही नाही. पण मुलाला दोष देण्याआधी त्याला नेमके काय जड जाते हे शोधावे, ही दृष्टी त्या तज्ज्ञांना देण्यात एअर्स यांचा वाटा मोठा होता.

शास्त्रीय परिभाषेत लिहिणाऱ्या एअर्स यांनी पालकांसाठीही लेखणी उचलली. १९७९ मध्ये त्यांचे पालकांना उद्देशून लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले. मुलाच्या वागण्याचे कोडे घेऊन एकाकी झगडणाऱ्या आईवडिलांना त्यातून प्रथमच काही उलगडा मिळाला. अशा अडचणी त्यांच्या कुटुंबातही होत्या. त्यांच्या एका भाच्याला हाच त्रास होता आणि त्याच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यांच्या निधनानंतर ती पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. चाचण्यांचे गुण आणि तक्ते यांच्या आड एका माणसाविषयीची काळजी किती जागी होती, याची साक्ष त्या पत्रांतून मिळते.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी आपल्या चाचण्यांची नव्याने बांधणी करण्यात घालवली. जुन्या संचाच्या मर्यादा त्यांना ठाऊक होत्या. नव्या संचात १७ चाचण्या होत्या आणि प्रमाण गुण ठरवण्यासाठी उत्तर अमेरिकेतील सुमारे २,००० मुलांची तपासणी करण्यात आली. या काळात कर्करोगाने त्यांना ग्रासले होते, तरी काम सुरू राहिले. १६ डिसेंबर १९८८ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नवा संच त्यानंतर १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांच्या पश्चात त्यांचे विचार जगभर पसरले आणि त्यांची सरमिसळही झाली. वजनदार जाकिटे, अंगावर ब्रश फिरवणे, चमकत्या दिव्यांच्या खोल्या, असे कितीतरी प्रकार संवेदनांच्या उपचाराच्या नावाखाली पुढे आले. त्यांतील अनेकांचा एअर्स यांच्या पद्धतीशी दूरान्वयेही संबंध नव्हता. म्हणून मूळ पद्धतीची ओळख राखण्यासाठी तिला एअर्स यांचे नाव जोडून व्यापारचिन्ह घेण्यात आले आणि एखादा उपचार तिच्याशी इमान राखतो की नाही हे तपासण्याचे निकषही तयार झाले.

पुराव्याचा निवाडा मात्र संमिश्र राहिला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये, अशा उपचारांच्या परिणामकारकतेबाबतचे संशोधन मर्यादित आणि अनिर्णायक असल्याचे नमूद केले. अमेरिकेतील मानसिक विकारांच्या २०१३ च्या वर्गीकरणात संवेदन-प्रक्रियेचा स्वतंत्र विकार मान्य झाला नाही. मात्र संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद हे स्वमग्नतेच्या लक्षणांपैकी एक म्हणून स्वीकारले गेले. २०१४ मध्ये स्वमग्न मुलांच्या एका लहान अभ्यासात या उपचाराचे अनुकूल परिणाम दिसले. उलट ब्रिटनमध्ये १३८ स्वमग्न मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या सेवांपेक्षा त्याचा अधिक लाभ दिसला नाही. एअर्स यांनी नोंदवलेल्या अडचणी खऱ्या आहेत, याविषयी आज फारसा मतभेद नाही. त्यांवर त्यांनी सुचवलेला उपाय कोणत्या मुलाला किती उपयोगी पडतो, हा प्रश्न खुला आहे.

भारतातील पालकांनाही या प्रश्नाशी सामना करावा लागतो. आपल्याकडे व्यवसायोपचाराचे शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि विवाहानंतर भारताला आपले घर मानणाऱ्या कमला निंबकर यांनी फिलाडेल्फियात हे शास्त्र शिकून येथे त्याचा पाया घातला. १९५२ मध्ये या क्षेत्राचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारताचा समावेश होता. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा अंतर्भाव आहे. समावेशक शिक्षण ही शाळांची जबाबदारी असल्याचेही हा कायदा सांगतो. कायद्यातील शब्द वर्गातील शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचा असेल, तर शिक्षक आणि उपचारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून त्या मुलाचा विचार करणे अटळ आहे.

पालकांसाठी एअर्स यांच्या कार्यातून एक व्यवहार्य कसोटी हाती लागते. उपचार सुरू करण्यापूर्वी मुलाच्या रोजच्या जगण्यातील कोणती गोष्ट सुधारायची आहे ते ठरवावे : स्वतः जेवणे, गणवेशाची बटणे लावणे, पाच ओळी न थकता लिहिणे, वर्गाच्या आवाजात टिकून राहणे. किती दिवसांनी प्रगती मोजायची तेही आधीच ठरवावे. ठरलेल्या मुदतीत बदल दिसला नाही, तर मुलाला दोष न देता पद्धत बदलावी. मोजमापाचा आग्रह एअर्स यांनी स्वतःच्या सिद्धान्ताबाबतही सोडला नव्हता.

अक्रोडाच्या बागेत वाढलेल्या त्या मुलीच्या वेळी तिची अडचण ओळखणारे शाळेत कोणी नव्हते. त्या मुलीने पुढे जे उत्तर शोधले त्यातील काही भाग काळाच्या कसोटीवर टिकेल, काही गळून पडेल. पण खाली मान घालून बसलेल्या मुलाला शिक्षा करण्याआधी शिक्षक क्षणभर थांबतो आणि त्याला काय जड जात असेल याचा विचार करतो, तेव्हा त्या थांबण्यात जीन एअर्स यांच्या आयुष्यभराच्या श्रमांचा अंश असतो.